वीस दात्यांची दिवाळी

ऑक्टोबरचं ऊन पुन्हा पनवेलवर येऊन बसलंय. बसलंय म्हणजे अगदी मांडी ठोकून, जेवूनच उठेन अशा बेताने. काल आमच्या सोसायटीच्या वॉचमनने सकाळी गेटजवळच्या स्टुलावर दुधाचा चहा ठेवला आणि विसरला. दुपारी बघतो तर चहा आटून बासुंदी झालेली. यातली साखर थोडी माझ्या पदरची आहे. मी तीस-एक वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. मैदानावर साधी गोष्ट साध्या आवाजात सांगितली तर ती तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट दीडपट करून सांगायची सवय लागली. निवृत्त झाले तरी ही सवय पेन्शनसारखी दर महिन्याला चालूच आहे.

फक्त दमणुकीची गोष्ट मला दीडपट करता येत नाही. ती आहे तेवढी सांगतानाच दम लागतो.

आमच्या विचुंब्यात आता दोन टॉवरच्या मध्ये एखादं भाताचं खाचर उरलंय. तिथे कापणी चाललीय. एका खिडकीतून कापलेल्या भाताचा वास येतो, दुसरीतून ओल्या सिमेंटचा, आणि जिन्यातून शेजारच्या भाजणीचा. लोकांना या दिवसांत दिवाळीचा वास येतो. मला ग्रीसचा येतो. गेल्या वर्षीचा सगळा मोसम मी हात काळे करून काढला. त्या दिवाळीत माझ्या हातच्या करंज्यांना पाहुण्यांनी दुरूनच नमस्कार केला. आणि खाली पार्किंगमध्ये निळ्या ताडपत्रीखाली ती अजून उभी आहे, आमची जोडसायकल. दोन सीट, दोन हँडल, चार पेडल, आणि चालत्या सायकलवर पाय थांबवायची कुठलीही सोय नाही.

आमचे हे, जनार्दन, शिरढोणचे. शिरढोणचं माणूस मुळात कुणाचं ऐकत नाही, इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या क्रांतिकारकाचं ते गाव, त्याचा इतिहासच तसा आहे. हे तर सरकारी पावसाचंही ऐकायचे नाहीत. तळोज्याच्या कंपनीत नोकरीला होते तोवर रेड अलर्टमध्येसुद्धा सायकलनेच गेले. लग्नात वरातीला घोडा नको, सायकल चालेल का, असं यांनी माझ्या बापाला विचारलं होतं. बाप म्हणाला होता, मुलगी दांडीवर बसनार नाय. मुलीला विचारलंच नव्हतं. मी बसले असते.

मग पार्किन्सन्स आला. लोकांना वाटतं या आजारात हात थरथरतो, बस. थरथरणं हा त्यातला पाहुणा आहे, घरमालक वेगळाच. पाय अडकतात. चालता चालता माणूस उभ्या जागी खिळतो, जणू फरशीने तळपाय गिळले. स्वयंपाकघराचा उंबरा तर यांना सह्याद्रीएवढा. मी अलीकडे ताट वाढून बसलेली, हे पलीकडे दाराला धरून उभे, आणि मधे लाकडाची चार बोटं उंचीची पट्टी. वरण निवून जायचं. मी पी.टी.च्या आवाजात एक-दोन, एक-दोन म्हणायला लागले की मात्र पाय सुटायचा. शाळा संपली, पण माझं संचलन घरात सुरू झालं, रोज, प्रत्येक दाराला.

आणि याच माणसाने एका सकाळी खाली जाऊन, भिंतीला टेकून जुन्या सायकलवर टांग टाकली आणि सोसायटीला फेरी मारली. मी गॅलरीतून बघत होते. ज्याला बाथरूमचं दार ओलांडवत नाही तो गुलमोहराखालून वळण घेऊन येतोय, ताठ. मी शिट्टी मारली. माझ्या शिट्टीने एकेकाळी हायवेवरचे ट्रक थांबायचे, तर हेही थांबले, आणि थांबताक्षणी पडले. डॉक्टर म्हणाले, असं होतं; चालण्याचा रस्ता बंद झाला तरी सायकलचा कधी कधी उघडा राहतो, आणि पाय जितके भराभर फिरतील तितकं चांगलं. फक्त चढताना आणि थांबताना कुणीतरी हवं. ते कुणीतरी कोण, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. घरात दुसरं होतं कोण?

आता मुद्द्याची गोष्ट. यांची थोरली बहीण, आक्का, शिरढोणला असते. गावातच दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच यांना कडेवर वाढवलं. कळायला लागल्यापासून दर भाऊबीजेला हे सायकलने आक्काकडे जातात. पनवेलला बिऱ्हाड झालं तरी सायकलनेच. गेल्या वर्षी आक्काचा मुलगा म्हणाला, मामा, गाडी पाठवतो. हे म्हणाले, गाडीतून सामान जातं. मी म्हटलं, मग मी काय इतकी वर्षं सामान म्हणून जात होते? तर म्हणाले, तू जात नाय, तू पोचतेस आणि फर्माईश करतेस. विनोद करत होते, पण डोळे हसत नव्हते. मला कळलं की हा माणूस या वेळी स्वतःच्या पायांवर आक्काच्या दारात गेला नाही, तर तो आत कुठेतरी बसून जाईल आणि मग माझ्या कितीही एक-दोनने उठायचा नाही.

जोडसायकल बनवली इक्बालभाईंनी. इक्बालभाई बरीच वर्षं आखातात वेल्डिंग करून आलेले, जुन्या पनवेलात ग्रिल आणि गेट बनवतात. थापांमध्ये माझ्या तोडीचा माणूस मला आयुष्यात हा एकच भेटला. त्यांनी म्हणे चालत्या जहाजाची चीर जहाज न थांबवता सांधली होती. एका शेखच्या ससाण्याला पिंजरा असा बनवून दिला की दार उघडलं तरी ससाणा बाहेर पडेना. मी त्यांना सांगितलं, माझ्या कबड्डीच्या पोरींनी एकदा मैदानासकट कप आणला होता. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, मॅडम, जमाना वेगळा होता. दोन जुन्या सायकली कापून, जोडून त्यांनी एक लांबडी गोष्ट तयार केली. पुढे मी, मागे हे. माझी पेडलं आणि यांची पेडलं एका चेनने बांधलेली, त्यामुळे माझा पाय फिरला की यांचा फिरतो, यांचा फिरला की माझा.

पहिल्याच दिवशी गोम कळली. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्री असतो. आपण पाय थांबवले तरी चाक पळतं, आणि तो फ्री टिकटिक टिकटिक वाजत राहतो. लहानपणापासून तो आवाज ऐकलाय, पण तो विश्रांतीचा आवाज आहे हे मला गेल्या वर्षी समजलं. कारण मी जरा पाय थांबवले, टिकटिक सुरू झाली, की मागे यांचे पाय गोठायचे. मग पुन्हा सुरू करताना जणू दोन खांब ढकलतेय. म्हणजे फ्री नकोच. चाक फिरतंय तोवर चारही पाय फिरलेच पाहिजेत.

इक्बालभाईंनी फ्रीवर वेल्डिंगचा टाका मारून तो मुका केला. म्हणाले, "मॅडम, हा जोड कयामतपर्यंत सुटणार नाही."

कयामत पुढच्या रविवारी, रोडपालीकडून परतताना पुलाच्या उतारावर आली. जोड खरोखरच सुटला नाही. सुटली ती फ्रीची अख्खी दातेरी चकती. फ्री चाकावर आट्यांनी बसवलेला असतो. पेडल पुढे मारलं की आवळत जातो, म्हणून कुणाला त्याची काळजी नसते. पण उतारावर वेग आवरायला मी पेडल मागे रेटलं, आणि बाटलीचं झाकण फिरावं तशी चकती फिरून मोकळी झाली. साध्या सायकलला मागे रेटण्याची वेळच येत नाही, त्यामुळे हे ना इक्बालभाईंना सुचलं, ना मला, ना चाळीस वर्षं सायकल मारलेल्या यांना. आमच्या दोघांचे पाय थांबलेले आणि सायकल मात्र सुसाट. ब्रेक लागेपर्यंत मला उरणची खाडी दिसायला लागली होती. थांबलो ते शहाळ्याच्या गाडीला टेकून. शहाळेवाल्याने न विचारता दोन शहाळी फोडली. इक्बालभाईंनी सगळा दोष उताराला दिला, आणि मग मुकाट्याने चकतीच्या बाहेरून उलट्या आट्यांची एक रिंग बसवली. चकती सुटायला फिरली की रिंग उलट आवळली जाते. तिथून पुढे ती हलली नाही.

मग प्रश्न उरला दात्यांचा. पुढे पेडलजवळच्या दातेरी चक्राला चव्वेचाळीस दाते, ते कायम. मागे किती? सोप्या भाषेत, मागे दाते कमी तर पाय जड, पण एका फेऱ्यात सायकल लांब जाते. दाते जास्त तर पाय हलका, पण भिंगरीसारखा फिरवावा लागतो. बाकीचे लोक सायकलवर बसून चढ आला की खटका दाबून गिअर बदलतात. आम्हाला घरातून निघतानाच ठरवायचं होतं की आज आपण किती थकलेले असू.

यांचं म्हणणं सोळा. तरुणपणी तळोज्याला जाताना यांच्या सायकलला सोळाचा फ्री होता, आणि पुरुषांच्या ज्या दोन-तीन गोष्टी वय झाल्यावर कमी करायला सांगितल्या की राग येतो त्यात हा आकडा आहे हे मला माहीत नव्हतं. सोळा लावून निघालो त्या दिवशी माझ्या गुडघ्यांनी मला नावाने हाक मारली. पाय इतका सावकाश फिरे की मागे यांचा पाय वर जाता जाता मधेच विचार करायला थांबे. बावीस लावली तेव्हा उलटं. पाय मिक्सरसारखे. यांची थरथर पार गेली, चेहरा मोकळा झाला, मी मनात पेढे वाटले. पण जरा उतार लागला आणि पेडल पायांच्या पुढे पळायला लागलं. यांचा डावा पाय निसटला, रिकामं पेडल नडगीवर आदळलं. घरी येईपर्यंत पेडल मारतच राहिले. मोजा रक्ताने बुटाला चिकटलेला मीच पाहिला.

राहिले अठरा आणि वीस. दोन दात्यांचा फरक, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. त्यावरून आमच्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणणं कमी होईल. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी टीव्ही बंद करून ऐकलं.

हे म्हणाले, "वीसची लावलीस तर आक्का म्हनंल जना म्हातारा झाला."

"आक्का दाते मोजायला येनार हाय का?"

"दाते नाय मोजनार. पाय बघंल. पाय असे भराभरा फिरायला लागले ना बाई, की मानूस सायकल चालवत नाय. सायकल मानसाला चालवते."

हे मला चिडवताना बाई म्हणतात, शाळेतल्या पोरांसारखं. पण त्या दिवशी त्यात चिडवणं नव्हतं. अख्खी शाळा एका आवाजात गप्प करणारी मी, चकती फडक्याने पुसत बसले. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

अठरा लावून आम्ही तालमीला निघालो, पळस्प्याच्या पुढे. तिथे एक चढ आहे. गाडीतून गेलात तर तो चढ आहे हे तुमच्या लक्षातही येणार नाही. आम्हाला तो एव्हरेस्टच्या बहिणीसारखा वाटला. मधोमध पेडल जागच्या जागी जड होत होत थांबलं. मी पाय टेकले. हे उतरले, आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले ते राहिलेच. बाजूने ट्रक जातायत, अंगावर धूळ उडतेय, आणि हे स्वतःच्या बुटांकडे बघतायत, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मी सायकल एका हाताने धरली आणि मोजायला लागले. एक-दोन. एक-दोन. भर हायवेवर, ऑक्टोबरच्या उन्हात, पांढऱ्या केसांची बाई ओरडतेय आणि तिच्या मागे एक माणूस कवायत करत चढ चढतोय. एका ट्रकच्या क्लीनरने आम्हाला सलाम ठोकला. मी तो परत केला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ही गोष्ट मी रंगवून रंगवून सांगितली असती.

घरी आल्यावर यांनी हात धुतले नाहीत. थरथरत्या हाताने डब्यातून वीसची चकती काढली, वर्तमानपत्रावर माझ्यासमोर ठेवली आणि आत जाऊन पडले. जाताना उंबऱ्यापाशी थांबले. मी हळूच मोजलं.

हे सगळं मी आत्ता लिहितेय तेव्हा हे आत झोपलेत. वर्षभरात आवाज लहान झालाय, घास लहान झालाय, सहीसुद्धा मुंगीएवढी झालीय. यंदा ताडपत्री काढायची की नाही, हे आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नाही. मी फक्त सकाळी खाली जाऊन टायरमध्ये हवा आहे का बघून येते. लोक म्हणतात, बाई, तुमची कमाल आहे, तुम्ही कधी थकत नाही. मी हसून म्हणते, मी दमले तर पनवेलचे दिवे जातील. लोक खूश होऊन जातात. खरं असं आहे की दमणं हे काम संपल्यावर येतं, आणि ज्याचं काम संपतच नाही त्याला नीट दमताही येत नाही. आपण थकून खुर्चीत बसावं आणि आतून हाक यावी, पुन्हा उठावं, पुन्हा बसावं. टिकटिक कुठे ऐकूच येत नाही. चाक फिरतंय म्हणून पाय फिरतायत, आणि पाय फिरतायत म्हणून चाक. यात सुरुवात कुणी केली होती हे आता कोण सांगणार?

तर गेल्या वर्षीची ती भाऊबीज. सकाळी ट्रक कमी असतात म्हणून उजाडताच निघालो. माझ्या पर्समध्ये आक्कासाठी साडी, यांच्या अंगात नवा सदरा. वॉचमनने सायकल धरली, मी एक-दोन म्हटलं, आणि वीसच्या चकतीने आम्हाला विचुंब्याच्या बाहेर काढलं. पाय भराभर, सायकल निवांत. खाचरांवर धुकं, मधेच एखाद्या टॉवरवर कंदिलांची रांग. पळस्पे आलं. माझ्या मांड्या तिथेच संपल्या होत्या, पण हे मी कुणाला सांगणार? मागे बघता येत नव्हतं. बोलायला श्वास नव्हता. इतके दिवस सोळा की अठरा, अठरा की वीस असा यांच्या पायांचा विचार करताना एक हिशेब राहूनच गेला होता: माझे पाय.

चढाच्या मध्यावर मी सोडून दिलं. ठरवून नाही. पायांनीच सोडलं. मला वाटलं, झालं, आता सायकल थांबणार, हे उतरणार, खिळणार, आणि आज मोजायला माझ्याकडे आवाज नाही. भाऊबीज या कडेच्या धुळीत होणार.

सायकल थांबली नाही.

पेडल माझ्या तळव्याखालून वर आलं, माझा पाय घेऊन गेलं, खाली आणलं, दुसरा नेला. मी काहीच करत नव्हते. चेन ताणलेली होती, मागून. मी जोर लावत नव्हते तरी माझे गुडघे उठत होते आणि बसत होते, पाळण्यातल्या पोराला कुणी झोका द्यावा तसे. गेल्या कित्येक महिन्यांत माझं शरीर पहिल्यांदाच कुणीतरी दुसरं हलवत होतं. मला पुन्हा जोर लावायला हवा होता. मी लावला नाही. चढ संपेपर्यंत नाही. हँडल सरळ धरलं, डोळे अर्धे मिटले, आणि शिरढोणचे डोंगर हळूहळू मोठे होत गेले.

आक्का रस्त्यापर्यंत आली होती. आम्हाला यायला उशीर झाला म्हणून, की तिला सगळं आधीच माहीत होतं म्हणून, ते मी विचारलं नाही. तिच्या मागे तिचं घर, दार सताड उघडं, आणि त्या दाराला चांगला जुना, उंच, सागवानी उंबरा. मी ब्रेक दाबले, दोन्ही पाय जमिनीत रोवले. हे मागे सीटवरच. उतरायला म्हणून यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि उंबऱ्याकडे बघितलं. हात थरथरायला लागला.

आक्कानेही उंबऱ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "जना, उतरू नको. हाय तिथंच बस."

ती आत गेली, ओवाळणीचं तबक घेऊन बाहेर आली. बगलेत पाट होता. तो तिने एकदा बघून भिंतीला टेकवून ठेवला. भावाला सायकलच्या सीटवर बसवून, भर रस्त्यात, तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. गल्लीतली पोरं फटाके सोडायचं थांबवून बघत होती. एक म्हातारा सायकलवर पूर्वेला तोंड करून बसलाय आणि पुढे एक म्हातारी सायकल धरून घामाने निथळतेय. आक्काने यांच्या तोंडात पेढ्याचा तुकडा भरवला, सदऱ्यावर सांडलेली अक्षत पुसली, मग यांच्या फिरून फिरून लाल झालेल्या घोट्यांवर तिची नजर गेली. 

"दमलास का रं?"

यांचा आवाज तेव्हाच लहान व्हायला लागला होता. पण मी पुढेच होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मी नाय दमलो. पन ही बाई चढावर पेडलवर पाय ठेवून चक्क झोपली होती. मंग काय, मीच आनली."

आक्काने माझ्याकडे बघितलं. मला बोलायला इतकी चांगली संधी आयुष्यात मिळाली नसेल. इक्बालभाई असते तर त्यांनी माझ्या थापेची वाट पाहिली असती. मी दोन्ही ब्रेक तसेच घट्ट धरून ठेवले.

"हो आक्का," मी म्हटलं. "यांनीच आनली."